रविवारची सावड

मथुराने हातातली पेंढी खाली ठेवली आणि डोळ्यांवर हात धरून बांधावरून उतरणाऱ्या माणसांकडे पाहिलं. अकरा जण होते. सगळ्यांच्या हातात विळे, आणि सर्वांत पुढे कॉलनीतली लैमा.

अलोऱ्याच्या प्रकल्प कॉलनीतल्या रिकाम्या खोल्यांत मणिपूरची काही कुटुंबं येऊन राहिली, त्याला दीड वर्ष झालं होतं. तिकडे दंगलीत त्यांची घरं जळाली, गाव सुटलं. एका संस्थेने त्यांना इथे आणलं, महिन्याच्या महिन्याला धान्याची कुपनं दिली आणि गाळाने भरलेला जुना पाट उपसायचं रोजावरचं काम दिलं. त्या पाटावरून मथुराचं खाचर दिसायचं. आठवडाभर त्यात एकच बाई वाकलेली आहे, हेही दिसायचं.

एकटी का, तर त्यालाही कारण होतं. गावात कापणी सावडीने चाले. आज तुझ्याकडे मी, उद्या माझ्याकडे तू. गेल्या वर्षी मथुराचा पाय मोडला आणि ती कुणाच्याच शेतात गेली नाही. मग यंदा कोणत्या तोंडाने बोलावणार? बोलावलं असतं तर कुणी नाही म्हटलं नसतं, पण बाई भारी मानी. मुंबईतल्या मुलालाही, विनोदला, तिने ‘होईल रे सगळं’ म्हणून सांगून टाकलं होतं. इकडे भात पिकून आडवं व्हायला आलेलं, आणि दुपार झाली की डोंगरामागे ढग जमायचे. एक जोराची सर आली असती तर वर्षाचं धान्य चिखलात गेलं असतं.

लैमाने काही विचारलं नाही. रविवार होता, पाटाचं काम बंद होतं. तिने कमरेचं वस्त्र वर खोचलं आणि कडेची ओळ धरली. बाकीचे तिच्या शेजारी पसरले. मूठ कशी धरायची ते दाखवायला मथुरा पुढे झाली आणि तिथेच थांबली. त्यांचे विळे तिच्या विळ्यापेक्षा झपझप चालत होते. ही जन्मभर भात पिकवलेली माणसं आहेत, हे दीड वर्षात तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुकानापुढे कुपनं घेऊन उभी राहणारी माणसं, एवढीच तिला त्यांची ओळख.

दुपारी तिने भात आणि सुकटीचं कालवण केलं. कुपनावर डाळ मिळते, तेल मिळतं, सुकट मिळत नाही. पहिल्या घासाला एकदम सगळे बोलायला लागले; तिकडे त्यांच्या रोजच्या जेवणात सुकी मासळी असायची. लैमाच्या म्हाताऱ्या आईने तीनदा भात मागून घेतला. मथुराला इतकं बरं वाटलं की ती स्वतः जेवायचीच विसरली.

शेवटचा भारा पडवीत चढला आणि सर आली. अकराही जण पडवीत दाटीवाटीने उभे राहून पावसाला हसत होते. मथुराही हसली, मोठ्याने, पाय मोडल्यापासून पहिल्यांदा. मग ती घरात जाऊन डब्यातले पैसे घेऊन आली.

लैमाने हात मागे घेतला. बाहेरची मजुरी घेतली तर संस्थेची कुपनं बंद होतात, असं तिने सांगितलं. आणि तसं नसतं तरी आम्ही घेणार नव्हतो, असंही.

मथुराचा पारा चढला.

“फुकटचं काम मी कधी घेतलं नाय गो. मला झोप नाय लागायची.”

“मला दीड वर्ष झोप लागत नाही,” लैमा शांतपणे म्हणाली. “मी कुपन घेते ना.”

मथुराचा हात तसाच राहिला. ‘बरं आहे हो यांचं, फुकट मिळतंय,’ असं दुकानात एकदा आपणच म्हटलं होतं, ते आठवून तिला स्वतःची लाज वाटली. तिने पैसे कनवटीला खोचले.

“मग सावड धर,” ती म्हणाली आणि समजावून सांगायला लागली. पण समजावायची गरज नव्हती. लैमाच्या गावातही हेच चालायचं, फक्त नाव वेगळं.

“पण तुझं शेत कुठाय? मी फेडू कुठं?”

लैमा आपल्या माणसांकडे वळली. त्यांचं आपसात बराच वेळ बोलणं झालं. आता कुणी हसत नव्हतं.

“आम्हाला घर बांधायचं आहे,” लैमा म्हणाली. “तिकडे, गावात. तेव्हा ये. आम्ही अकरा, तुझे अकरा दिवस.”

सगळे मथुराकडे बघत होते. मथुरा चिपळूणच्या पुढे फारशी कधी गेलेली नव्हती.

“जायला किती दिवस लागतात?”

“चार.”

मथुराने बोटांवर हिशेब केला. चार जायला, चार यायला, अकरा कामाचे.

“म्हशीला कुणाकडं तरी ठेवायला लागंल,” ती म्हणाली. “कापणीच्या दिवसांत मात्र नको हां. बाकी कधीपण सांग.”

लैमाने ते आपल्या भाषेत सांगितलं. म्हातारी पुढे आली, मथुराचं मनगट धरून तिने काहीतरी विचारलं.

“आई विचारते, घरं थंडीत बांधतात. फार थंडी असते. तुला चालेल?”

“चालंल,” मथुरा म्हणाली. “घोंगडी आणीन.”