एमिलच्या हातचं नसलेलं चाक

मी चाक बोलतोय. स्पोर्ट्स कारचं, अलॉयचं, आणि आधीच सांगून टाकतो, नकली. हे कबूल करायला मला चार वर्षं लागली. तुम्हाला सांगून फारसा उपयोग नाही, हेही मला कळतं. ज्या बाईला सांगायला हवं, ती आत्ता माझ्यापासून दोन हातांवर बसून बटाटे सोलते आहे, आणि माझा आवाज काही तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यात ओतलं, निवल्यावर बाहेर काढलं, रुपेरी रंग दिला. तो साचा दुसऱ्याच कुणाच्या चाकावरून उतरवलेला होता. पाच आरे, कडेची बारीक खोबण, सगळं हुबेहूब. फक्त पाठीवर आमच्या कारखान्याची खूण उमटवलेली होती. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. चाकाला काय, फिरायला मिळाल्याशी मतलब.

आम्ही चार भाऊ खोक्यांत बसून मिशिगनमधल्या एका छोट्या गावात आलो. मागवणारा वेंडेल प्रुसॅक. शाळेच्या बसेस दुरुस्त करणारा हा माणूस. बरीच वर्षं काटकसर करून त्याने एक जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली होती. अस्सल चाकांची किंमत ऐकून त्याची बायको कॉलीन म्हणाली होती, "आधी स्वयंपाकघराचं गळकं छप्पर बघ, मग गाडीला दागिने घाल." म्हणून आम्ही आलो.

पण त्याने आम्हाला जपलं, हे मी शपथेवर सांगेन. तापलेल्या चाकावर त्याने कधी गार पाणी मारलं नाही. ब्रेकची काळी भुकटी अंगात मुरू नये म्हणून दर शनिवारी साधा साबण, मऊ ब्रश आणि शेवटी कोरडा फडका. झटपट चकाकी देणारी तेजाबी औषधं त्याने गॅरेजात येऊ दिली नाहीत. चाकं बसवल्यावर पन्नासेक मैलांनी नट पुन्हा आवळायचे असतात. लोक विसरतात, तो विसरला नाही.

"माझ्या पायांना कधी असं चोळलंस का रे?" कॉलीन दारातून विचारायची.

"तुझे पाय ताशी शंभर मैल धावतात का?"

"तुझी आई येणार म्हटलं की धावतात!"

तो हसायचा. चांगला माणूस होता. आहे. एकच चूक केली त्याने, आणि ती माझ्या तोंडावर बसवली.

त्याने चार अस्सल टोप्या विकत घेतल्या. चाकाच्या मध्यभागी, अस्सल कारखान्याचं चिन्ह असलेली गोल टोपी असते ना, ती. आमच्या कपाळी ती चढली आणि आम्ही एका दुपारीत खानदानी झालो. रविवारी सकाळी सुपरमार्केटच्या आवारात गाड्यांचे शौकीन जमतात, हातात कॉफी, बॉनेटवर डोनटचा डबा. तिथे कुणीतरी वाकून विचारलं, "खरी आहेत?" वेंडेल आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "खरी."

ही थाप तिथेच विरली असती. शौकिनांच्या थापा तशा विरतातच. पण समोरच्या घरात मिसेस ड्वोराक राहत होत्या.

अस्सल चाकं याच गावच्या ओतकामाच्या कारखान्यात, फाउंड्रीत, व्हायची. आमच्यासारखी स्वस्त चाकं बोटी भरभरून यायला लागली आणि एका हिवाळ्यात त्या फाउंड्रीला कुलूप लागलं. मिसेस ड्वोराकांचे यजमान एमिल तिथे एकतीस वर्षं कानस चालवत होते. चाक साच्यातून निघालं की त्याच्या कडा हाताने घासून गुळगुळीत करायच्या, हे त्यांचं काम. कुलूप लागल्यावर ते दोनच वर्षं जगले.

एके दिवशी मिसेस ड्वोराक रस्ता ओलांडून आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, डोळ्यांना जाड भिंगं. माझ्यासमोर कशाबशा वाकल्या आणि टोपीवरून बोट फिरवलं.

"आमच्या फाउंड्रीची ना रे ही?"

वेंडेलच्या हातातला ब्रश थांबला. कॉलीन दारातच उभी होती. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याच्या जागी मी असतो तर खरं बोलून मोकळा झालो असतो. असं आता म्हणतोय खरा. तेव्हा मीही छाती फुगवून चमकत होतो.

"हो, मिसेस ड्वोराक," वेंडेल म्हणाला.

"तरीच! हल्लीच्या त्या नकली कचऱ्याला असलं रूप कुठलं यायला?"

त्या गेल्यावर कॉलीन एवढंच म्हणाली, "तुला झोप कशी येते रे?"

पुढच्या एप्रिलमध्ये, बर्फ वितळल्यावर, गाडी बाहेर निघाली आणि मी, पुढचं उजवं चाक, एका खड्ड्यात आदळलो. आमच्याकडच्या रस्त्यांना हिवाळ्यानंतर असे खड्डे पडतात की त्यात माणूस बसेल. माझ्या आतल्या कडेला केसाएवढी चीर गेली. टायरवाला म्हणाला, "वेल्डिंग करून देईन, पण उद्या वेगात फुटलं तर तू माझ्या नावाने बोटं मोडायला उरणार नाहीस." वेंडेल मला भंगारात द्यायला निघाला. मला वाटलं, सुटलो. झालं, सगळा प्रकार इथेच संपला.

पण मिसेस ड्वोराकांनी खिडकीतून पाहिलं होतं. "फेकू नकोस हं ते! मला दे. घरातला एमिलचा एकेक कपडा वाटून टाकला मी, पण त्याने घडवलेलं माझ्याकडे काहीच नाही."

नाही म्हणायला एकच कारण होतं, आणि ते वेंडेलला सांगता येत नव्हतं.

त्याने मला गॅरेजात पालथं घातलं, कानस घेतली आणि माझ्या पाठीवरची जन्मखूण घासून काढली. घासताना तो घामाघूम झाला होता. नवी चकाकी दिसू नये म्हणून वर ग्रीस आणि धूळ फासली. मला दुखलं नाही. लाज मात्र वाटली, त्याचीही आणि माझीही.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन समोर गेला. मिसेस ड्वोराकांनी मला मांडीवर घेतलं, फडक्याने पुसलं, पालथं केलं. ग्रीस निघालं. त्यांची बोटं त्या ओरखड्यांवर आली आणि थांबली.

"या तिरप्या रेघा," त्या म्हणाल्या. "बघ, सगळ्या उजवीकडे कललेल्या. माझा एमिल डावरा होता. अख्ख्या फाउंड्रीत डाव्या हाताने कानस चालवणारा तो एकटा. हे त्यानेच घासलंय, पोरा. त्यानेच!"

आणि मला छातीशी धरून ती म्हातारी ढसाढसा रडली. वेंडेलने कानस धरणारा आपला डावा हात खिशात घातला.

तेव्हापासून मी त्यांच्या व्हरांड्यात, एमिलच्या खुर्चीत आहे. रोज सकाळी त्या मला पुसतात, गावातल्या बातम्या सांगतात. वेंडेल दर शनिवारी येतो, त्यांचं गवत कापतो, बर्फ उपसतो, त्यांच्या हातचा 'रुबार्ब पाय' हा भट्टीतला आंबटगोड पदार्थ खातो. दर वेळी तोंड उघडतो. "मिसेस ड्वोराक, एक सांगायचं होतं..." आणि मग म्हणतो, "तुमच्या पन्हळीत पानं अडकलीत."

मलाही इथून जायचं नव्हतं, हे लपवत नाही. इतकं प्रेम मला कुठे मिळणार होतं? पण गेल्या आठवड्यात त्या वेंडेलला म्हणाल्या, "मी गेले की हे आमच्या थडग्यावर ठेव हं, एमिलच्या डोक्याशी. वचन दे." आणि वेंडेलने मान डोलावली.

वेंडेल, बाबा रे, त्या आहेत तोवर रस्ता ओलांडून ये आणि बोल. त्या रागावतील, रडतील, मला खुर्चीतून उचलून फेकतील. फेकू देत. पण ज्याच्या पोटावर माझ्यासारख्यांनी पाय दिला, त्या माणसाच्या उशाशी मला नेऊन ठेवू नकोस.