अकरा फूट खाली

“आता बोला! रेघा शिवल्या का न्हाय?” ग्रामपंचायतीच्या भिंतीवरल्या पडद्याला मी काठी टेकवली. माझ्या विहिरीतून निघालेली निळी रेघ आणि वीरप्पाच्या विहिरीतून निघालेली लाल, बांधापाशी एकमेकींवर फुली मारून पडल्या होत्या. “एकोणीस वर्सं म्या काय बोंबलतोय? ह्याचं आडवं बोअर माझं पाणी पितंय!”

आमच्या बेंबळीत विहिरीचं पाणी कमी झालं, की आतल्या खडकात आडवं बोअर मारतात, शंभर-शंभर फूट. माझं आधीपासूनच होतं. वीरप्पानं मारलं, त्याच उन्हाळ्यात माझी विहीर आटली. आटली म्हणजे किती? तळातला बेडूक माझ्याकडं प्यायला पाणी मागायचा! वीरप्पाचा ऊस मात्र असा माजला, की त्याची पाती ढग चिरायची. त्याआधी माझा सकाळचा चहा त्याच्याच ओसरीवर व्हायचा. नंतर मी त्याच्या बांधावर पाय ठेवला नाही. आज रेघा शिवल्या, तर त्याचं बोअर बुजवायचं, असं गावासमोर ठरलं होतं.

“ज्ञानोबा, लेका, चोरी करायला तुझ्या हिरीत हाय काय?” वीरप्पा म्हणाला. लोक खिदळले.

भूजलाच्या मोजणीला आलेली हर्षाली म्हणाली, “काका, हे नुसतं वरून दिसतंय. आम्ही विहिरीत कॅमेरा सोडून प्रत्येक बोअरची खोली, उतार, लांबी घेतलीय. थांबा, बाजूनं दाखवते.”

तिनं बोट फिरवलं. पडद्यावरची जमीन कुशीवर वळली, माती काचेसारखी झाली आणि फुली सुटली. निळी रेघ वर, लाल खाली. मध्ये अखंड खडक.

“अकरा फूट अंतर आहे,” हर्षाली म्हणाली. “कुठंच शिवत नाहीत. त्यांना खालच्या थराचं पाणी लागलंय. तुमचा वरचा थर आपोआप आटला.”

अकरा फूट. म्हणजे माणसाच्या डोक्यावर दुसरा माणूस उभा राहील एवढं.

“पोरी,” मी हळूच म्हणालो, “वरनंच दाव की. वरनं बरं दिसत हुतं.”

या वेळी कुणी हसलं नाही. वीरप्पानं त्याच्या त्याच विहिरीचं पाणी भरून आणलेली बाटली माझ्यापुढं धरली. “घसा सुकला आसंल. पी.”

प्यालो. माझ्या विहिरीला भरल्या पावसाळ्यातसुद्धा अशी गोडी कधी नव्हती.

“मचूळ हाय,” मी म्हणालो, आणि बाटली रिकामी करूनच परत दिली.