दोन डाव्या बाह्या

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. बायकोने दोन्ही बाह्या उचलून एकीवर एक धरून पाहिल्या. आजही दोन्ही डाव्याच होत्या.

“जमलं ना?” मास्तरांनी विचारलं.

“जमलं की!” असं म्हणून तिने एक बाही गुपचूप उलटी केली. कापड दोन्ही अंगांनी सारखं होतं, म्हणून निभावलं.

कापड दुहेरी घालून कापलं की उजवी-डावी जोडी आपोआप निघते. शिंपीकाम शिकायला आलेल्यालाही हे पहिल्या दिवशी कळतं, आणि मास्तरांनी तर अर्ध्या गावाला कपडे घातले होते. पण मध्यंतरी कात्री पायावर पडली, “एवढ्याने काय होतंय” म्हणत त्यांनी जखम अंगावर काढली आणि जंतू रक्तात शिरले. दवाखान्यातून ते जिवंत परत आले, पण सगळेच्या सगळे परत आले नाहीत. तासन्तास गप्प बसायचे, हाक मारली की दचकायचे. ती कापडाची घडी घालून द्यायची. ते जुन्या सवयीने ती उलगडून विणीवर बोटं फिरवायचे, आणि घडी पुन्हा घालायची राहून जायची.

तिने डॉक्टरीणबाईंना खोदून खोदून विचारलं होतं.

“जंतू मेले हो,” त्या म्हणाल्या होत्या. “पण त्यांच्या विषाची वर्दी मेंदूपर्यंत गेली. तिथे राखणीला पेशी असतात, त्या खडबडून जाग्या झाल्या. शत्रू गेला तरी त्या अजून एकमेकींना सावध करत असाव्यात. त्या गोंधळात माणसाचं लक्ष टिकत नाही.”

“मग सांगा की त्यांना कुणीतरी, गप्प बसा म्हणून!”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “तसं खात्रीचं औषध अजून नाही. काहींचं हळूहळू निवळतं. काहींचं राहतं.”

तेव्हापासून ती गिऱ्हाइकांना दोन्ही बाजूंनी सारखंच कापड आणायला सांगू लागली. “सध्या हीच फॅशन आहे,” असं ठोकून द्यायची. फॅशनमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

आणि आज मुलगी कोटाचं कापड घेऊन आली. एक बाजू चकचकीत, दुसरी निस्तेज, आणि अगदी मापात बसेल एवढंच.

“नव्या नोकरीत पहिल्या दिवशी हाच घालणार. बाबा, तुम्हीच कापायचा हं!” असं सांगून ती हसत निघून गेली. आई पेचात पडली. नाही म्हणावं तर मास्तरांचं मन मोडणार, हो म्हणावं तर कोट वाया जाणार.

तिने कापड दुहेरी घातलं. मास्तरांनी ते उलगडलं, विणीवरून बोटं फिरवली, कात्री उचलली आणि ते थांबले.

“याला उलट-सुलट आहे गं.”

“आहे.”

“म्हणजे हे फिरवून लावता येणार नाही तुला.”

तिला रडू आलं.

“मला कळतं गं,” मास्तर म्हणाले. “फक्त कापून झाल्यावर कळतं.”

त्यांनी कात्रीची मूठ तिच्याकडे केली. मग कापडाची घडी स्वतः घातली, कडा जुळवल्या आणि घडी हलू नये म्हणून दोन्ही तळवे कापडावर ठेवले. तिने कात्री लावली.

“वरची उजवी ना?” त्यांनी विचारलं.

“हो, उजवी.”

मास्तरांनी तळवे आणखी घट्ट दाबले.