कासिल्दासाठी उतरवलेली तार

मी एक जुनी, इवलीशी गिटारची धून आहे. चुलीवर अंडे उकडायला ठेवा. ते उकडायच्या आत मी सुरू होऊन संपलेलीही असते. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असे म्हणतात. माझी मूर्ती लहान आहे, एवढे खरे. कीर्तीचे नंतर पाहू.

मित्रांनो, माझा जन्म उबेदा गावात, एलिसेओ न्हाव्याच्या दुकानात झाला. आमच्याकडे न्हाव्याच्या दुकानात वस्तऱ्याशेजारी गिटार टांगलेली असायचीच. आपला नंबर लागेपर्यंत गिऱ्हाइकाने ती वाजवत बसावे, अशी रीत. एलिसेओ मात्र गिऱ्हाईक खुर्चीत असतानाही स्वतःच वाजवायला घेई. मी त्याला सुचले तेव्हा खुर्चीत एक तेलवाला बसला होता, गालाला फेस फासून.

"अरे एलिसेओ, अर्धीच दाढी झालीय माझी! असा घरी गेलो तर बायको आत घेईल का?"

"पूर्ण दाढी करून जातोस तेव्हा तरी कुठं घेते? बस गप."

एलिसेओला घाई होती, आणि तिला कारण होते. त्याची बायको कासिल्दा मोठ्या तापातून उठली होती, पण तिचे कान हळूहळू जात चालले होते. आधी चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या, मग लेकीचा आवाज. गिटारच्या बारीक तारा वाजवल्या की ती नुसती हसून मान हलवी, आणि ते खोटे हसू एलिसेओला कळे. म्हणून त्याने सर्वांत जाड तार आणखी एक स्वर खाली उतरवली आणि मला जाड तारांवरूनच चालवले, अगदी सावकाश. कासिल्दा शेजारी बसून गिटारच्या लाकडाला गाल टेकायची. पहिल्यांदा मी त्या गालातून आत शिरले तेव्हा ती एकदम म्हणाली, "आलं! ऐकू आलं!" तो आनंद मी अजून विसरलेली नाही.

ऑलिव्हची तोडणी संपली की लोक दुकानात जमत आणि एलिसेओला मला वाजवायला लावत. माझे कौतुक होई. त्यांची लेक लेओकादिया बापाची बोटे पाहून पाहून मला शिकली. कागदावर मात्र मी कुठेच नव्हते, कारण एलिसेओला स्वर लिहिता येत नव्हते. मी राहत होते ती फक्त या चार हातांत.

मग एका हिवाळ्यात त्यांतले दोन हात गेले.

आमच्याकडे घरातले माणूस गेले की कपडे काळ्या रंगात बुडवतात, खिडक्या लावून घेतात आणि गाणेबजावणे बंद होते. लेओकादियाचा बापावर फार जीव. तिने गिटारच्या तारा सैल केल्या आणि तिचे तोंड भिंतीकडे फिरवून ठेवले. शेजारच्या ब्रिखिदाबाईंनी तिला शाबासकी दिली. आणि कासिल्दा? "तिला बिचारीला कुठं काय ऐकू येतं!" असे म्हणून सगळे मोकळे झाले. तिला मी ऐकू येत होते, एकटी मी, हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. मला फार राग आला. पण हातांशिवाय मी बोलणार कशी?

महिने गेले. लेओकादियाच्या बोटांवरचे घट्टे मऊ पडले आणि मी तिच्यातून झिजू लागले. सुरुवात तिला आठवे, शेवट आठवे, मधली वाट पुसट होत चालली. कासिल्दा भिंतीपाशी उभी राहून गिटारच्या पाठीवर तळवा ठेवी. लाकूड मुके. तिच्या ताटलीतला रस्सा रोज तसाच गार होई. सगळ्यांच्या लेखी एलिसेओ एकदाच गेला होता. तिच्यापासून तो रोज थोडा थोडा जात होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात, दुपारी सारे गाव झोपलेले असताना, तिने गिटार भिंतीवरून काढली आणि लेकीच्या मांडीवर ठेवली.

लेओकादिया घाबरली. आईला ओठ वाचता यावेत म्हणून तिच्या तोंडासमोर येऊन म्हणाली, "आई, वेड लागलंय का? दुखवटा आहे. लोक काय म्हणतील?"

"काळे कपडे हवे तर जन्मभर घालते. पण माझा माणूस मला दे."

तारा ताणताना एक बारीक तार तुटली. तिचे मला काही काम नव्हतेच. जाड तार टिकली. लेओकादियाने मला सुरू केले आणि मध्यावर तिची बोटे अडली. मला वाटले, संपले मी. तेव्हा लाकडाला गाल टेकलेली कासिल्दा गुणगुणू लागली. आवाज फाटका, सूर सुटलेला, पण वाट बिनचूक. बहिरी आई पुढे चालली आणि लेक रडत रडत तिच्या मागून आली.

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. "लेओकादिया! अगं, बापाची तरी लाज धर!" ब्रिखिदाबाईच होत्या. लेओकादियाचा हात तारांवर थबकला.

कासिल्दाने डोळे उघडले. लेकीने दाराकडे बोट दाखवले.

"दार वाजतंय होय? ते मला नाही ऐकू येत. मला तुझे बाबा ऐकू येतायत. वाजव."

लेओकादियाने मला शेवटपर्यंत वाजवले.

मित्रांनो, पुढे तिने मला गल्लीतल्या मुलींना शिकवले. त्यांतल्या एकीने मला कागदावर उतरवले, आणि आता मी तुमच्यासारख्या शिकाऊ बोटांत नांदते. कोणी मला भराभर उरकतात. कोणी तार उतरवायचा कंटाळा करून मला बारीक तारांवर चमकवतात. टाळ्या पडतात, पण माझे मन तिथे रमत नाही. माझे मागणे थोडे आहे. मायेपोटीसुद्धा कोणाचे वाद्य भिंतीकडे फिरवू नका. आधी घरातल्या सर्वांना विचारा. आणि मला वाजवाल तेव्हा जाड तार एक स्वर खाली उतरवा, सावकाश वाजवा. कोणीतरी लाकडाला गाल टेकून बसलेले असेल.