तिसऱ्या तारखेची लाली

शस्त्रक्रियेची ही तिसरी तारीख. आधीच्या दोन्ही सकाळी तिचा चेहरा एकाएकी लालबुंद झाला होता आणि डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली होती. आतड्यातल्या गाठीने यकृतात बस्तान बसवले होते. तिथून रक्तात सुटणाऱ्या द्रव्याने हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन झडपा आखडून निकामी केल्या होत्या. त्या बदलल्याखेरीज पायांची सूज हटणार नव्हती. पण तेच द्रव्य भुलेखाली उसळले, तर जिवावरच बेतणार होते. लाली ही त्या उसळीची वर्दी.

खाटेशेजारी पेंगणाऱ्या घड्याळजी नवऱ्याने डोळे उघडले, तेव्हा ती आरशात पाहून गालांवर पावडर चोपडत होती.

"अगं, लाली आलीय?"

"हळू बोला! दोनदा परत पाठवलंय."

"सांगायला हवं."

"सांगा की. मग चौथी तारीख. तोवर घरचे दोन मजले चढवा मला पाठुंगळीला घेऊन."

एकदाचे काय ते होऊन जावे, असे त्यालाही वाटत होते. आणि 'काय ते' म्हणताना आपण तिचे मरणही त्यात धरतो आहोत, हे उमगून तो मनातून चरकला.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. "आज लाली नाही ना?"

"छे!" ती म्हणाली.

बाई वळल्या.

"बाई, थांबा जरा." त्याने ओल्या रुमालाने तिचा गाल पुसला. खालून निखाऱ्यासारखी लाली उघडी पडली.

"घात केलात," ती म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवले.

बाई रागावल्या नाहीत. ते द्रव्य आवरणाऱ्या औषधाचा ठिबक त्यांनी वाढवला. "दोनला पुन्हा बघते. लाली उतरली आणि रक्तदाब ठीक असला, तर आजच नेऊ."

"आणि नाही उतरली तर?" त्याने विचारले.

"तर नाही नेणार."

पाच तास ती भिंतीकडेच तोंड करून पडून राहिली. तो खुर्ची ओढून भिंतीच्या बाजूला जाऊन बसला आणि एखाद्या बंद पडलेल्या यंत्राकडे पाहावे तसा तिच्या गालांकडे पाहत राहिला. दोनच्या सुमारास गाल फिकट पडले. बाईंनी दोनदा रक्तदाब मोजला आणि मान डोलावली.

दाराशी स्ट्रेचर क्षणभर थांबले.

"जेवलात का?" तिने छताकडे पाहतच विचारले.

"नाही."

"मग जा, जेवा. इथं उपाशी बसून माझ्या झडपा लवकर बसणार आहेत थोड्याच!"

तो बरे म्हणाला आणि जागचा हलला नाही.