गाडीचं अस्तर

कडुलिंबावरून एक मोर गाडीच्या टपावर उतरला आणि त्याच्या नखांचे ओरखडे क्रीम रंगावर उमटले, त्या दिवशी डॉक्टर प्रभाकर खांबेटे जेवले नाहीत. मालनने दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकून ठेवलं. ते बाहेर ओट्यावर बसून होते आणि मधूनच उठून ओरखड्यावरून अंगठा फिरवून येत होते.

डॉक्टर जयपूरच्या मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवत. आदर्श नगरातल्या त्यांच्या भाड्याच्या बंगलीला बाग होती, कडुलिंब होता, पण गॅरेज नव्हतं. पुष्कळ वाट पाहून मिळालेली लँडमास्टर उघड्यावरच उभी असे. उन्हाळ्यात आंधी आली की तिच्यावर बोटभर वाळू साचायची, गलत्याच्या डोंगरातून माकडं यायची, आणि आता हा मोर.

"कव्हर शिवून घ्यायचं," रात्री अंथरुणावर पडल्यावर ते म्हणाले. "उद्या तू चल. कापडातलं तुम्हा बायकांना कळतं."

मालनला नवल वाटलं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, पण तिला काही कळतं असं ते पहिल्यांदाच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी दोघं चारदीवारीतल्या, म्हणजे तटाआतल्या जुन्या शहरातल्या बाजारात हिंडली. डॉक्टर प्रत्येक दुकानात कापडाचं टोक उचलून गालाला लावून बघत. गोणपाट त्यांनी हातातही धरलं नाही. मेणकापड चांगलं गुळगुळीत होतं, पण जयपूरच्या उन्हात ते वितळून रंगाला चिकटेल. तंबूचं कॅनव्हास मजबूत होतं. ते त्यांनी गालावर घासलं आणि तोंड वाकडं केलं.

"टोचतं," ते म्हणाले. "रोज घालायचं, रोज काढायचं. सहा महिन्यांत पॉलिश जाईल."

मालन बाजूला उभी राहून बघत होती. जयंतीच्या वेळी ती बाळंतपणाला बार्शीला गेली होती. लेक महिन्याची झाल्यावर डॉक्टर बघायला आले, तेव्हा त्यांनी बाळाच्या दुपट्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

शेवटी रामगंज बाजारात तंबू शिवणारे लतीफ मियाँ होते, त्यांच्याकडे ठरलं. कॉलेजच्या समारंभांचे शामियाने तेच शिवत. वरून कॅनव्हास, आतून मऊ सुती अस्तर. अस्तर नवं नको, वापरून वापरून मऊ झालेलं हवं, असं डॉक्टरांनीच सांगितलं. म्हातारे लतीफ मियाँ मान डोलवत म्हणाले, "कपड़ा आप भिजवा दीजिए साहब, सिलाई मेरी."

घरी आल्यावर डॉक्टर सरळ आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी मालनची ट्रंक उघडली.

त्या ट्रंकेत तिच्या आईची लुगडी होती. आई गेली त्याला वर्ष होत आलं होतं. आई अत्यवस्थ असल्याची तार आली, त्याच आठवड्यात दिल्लीहून गाडी यायची होती. "गाडी येऊ दे, मग बघू," डॉक्टर म्हणाले होते. गाडी आली. मालनने तिला ओवाळलं, कॉलेजच्या मंडळींसाठी श्रीखंड केलं, आणि पंगत चालू असतानाच दुसरी तार आली. ती बार्शीला पोचली ती तेराव्याला. परत आल्यावर ती रडताना दिसली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "तू असतीस म्हणून ती वाचली असती का? डॉक्टर मी आहे. नसती वाचली." त्यानंतर ती त्यांच्यासमोर रडली नाही.

"अहो, ती आईची आहेत," ती दारातून म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर मऊ आहेत." त्यांनी एक विटकं हिरवं लुगडं गालाला लावलं. "बघ, किती छान. तुझी आई काही ही नेसायला परत येत नाही. इथं ट्रंकेत कसर खाणार, त्यापेक्षा कामाला तरी येतील."

त्यांनी चार लुगडी निवडून घेतली. पाचवं, डाळिंबी इरकल, ट्रंकेत नव्हतं. अकरा वर्षांची जयंती ते रोज रात्री पांघरून झोपत असे. ते तिच्या उशाशी होतं, म्हणून वाचलं.

लतीफ मियाँ गाडीचं माप घ्यायला आले ते दुपारी. डॉक्टर कॉलेजात होते. त्यांनी टेप लावली, खडूने कापडावर खुणा केल्या, आणि अंगणातूनच हाक मारली.

"बीबीजी, छत के लिए थोड़ा कम पड़ेगा."

मालन ओट्यावर आली. चारही लुगडी अंगणात पसरलेली होती, आईच्या अंगणात वाळत घालावीत तशी. तिला काय झालं ते तिचं तिलाही कळलं नाही. ती आत गेली, जयंतीच्या उशाखालचं डाळिंबी लुगडं ओढून काढलं आणि बाहेर आणलं.

"आई, ते माझं आहे," मागोमाग आलेली जयंती म्हणाली. "आजीचं आहे ते. मला नींद नाही येणार."

"तुला दुसरं देते."

लतीफ मियाँनी लुगडं हातात घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. असं सुरेख लुगडं का कापायला देता, असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे जुनी मलमल पडून आहे, तीच लावतो, वेगळं काही मागणार नाही, असंही म्हणाले. मालनने मान हलवली. हेच लावा.

"रंग पक्का है न, बीबीजी?"

आई ते लुगडं नेहमी वेगळ्या बादलीत भिजवायची. किती वर्षं झाली तरी पाणी लालभडक व्हायचं. दुसऱ्या कपड्यांना लागू नये म्हणून ते वाळतही दूर, पेरूच्या झाडाखाली घालायची.

"पक्का है," मालन म्हणाली.

कव्हर आलं ते डॉक्टरांच्या मनाजोगतं. बाकीच्या पट्ट्या फिकट होत्या, पण टपाच्या जागी तो डाळिंबी तुकडा उठून दिसत होता.

"हे लाल कुठलं?" त्यांनी विचारलं.

खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. "त्यांनीच घातलं असेल," ती म्हणाली. "कमी पडलं म्हणून."

डॉक्टरांनी ते गालाला लावलं. "सगळ्यांत मऊ हेच आहे," ते खूश होऊन म्हणाले.

मग रोजचा नेम सुरू झाला. संध्याकाळी गाडी पुसून कव्हर घालायचं, सकाळी काढून घडी करायची. एक बाजू डॉक्टर धरत, दुसरी मालन. तिच्या हातात आईचे काठ येत. तिचा हात जरा रेंगाळला की ते म्हणत, "ओढू नकोस, दाबून बसव." जयंती खिडकीतून बघत असे. ती आता उशी पोटाशी धरून झोपायची.

जुलैत डॉक्टरांना परीक्षक म्हणून उदयपूरला जावं लागलं. निघताना ते म्हणाले, "मी येईपर्यंत कव्हर काढायचं नाही. कोणाला हातही लावू द्यायचा नाही."

ते गेले त्याच दुपारी आभाळ भरून आलं. जयपूरला इतका पाऊस सहसा होत नाही. दोन दिवस संततधार लागली, अंगणात घोट्याएवढं पाणी साचलं, कॅनव्हास भिजून जड झालं आणि गाडीला घट्ट बिलगून बसलं. मग लखलखीत ऊन पडलं आणि कव्हरमधून वाफा निघू लागल्या.

शेजारचे सरदारजी भिंतीवरून म्हणाले, "बहनजी, गीला कपड़ा उतार दो. रंग खराब हो जाएगा गाड़ी का."

"वो मना करके गए हैं," मालन म्हणाली आणि आत जाऊन पोळ्या लाटायला बसली. पोळ्या त्या दिवशी एकसारख्या गोल झाल्या, हे तिच्या लक्षात आलं.

डॉक्टर परतले ते सकाळी. बॅग ओट्यावर ठेवून ते आधी गाडीकडे गेले. कव्हरची गाठ सोडून त्यांनी हलक्या हाताने ते मागे सारलं, आणि तसेच उभे राहिले.

क्रीम टपावर लाल डाग पसरला होता. मधोमध गडद होता, कडांना गुलाबी. पाण्याबरोबर ओघळून तो काचेवरून बॉनेटवर आला होता, दारांवरून खाली उतरला होता. एका जागी तर लुगड्याच्या काठाची नक्षी जशीच्या तशी उमटली होती. डॉक्टरांनी रुमाल भिजवून घासला. रुमाल लाल झाला, डाग तिथंच राहिला. मग ते चिखलातच खाली बसले.

मालन दारातून बघत होती. आई गेल्याची तार हातात घेऊन ती अशीच खाली बसली होती, आणि पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं होतं. तिला आतून गार गार वाटत होतं. तिने त्यांना उठवलं नाही.

पण ते आपणच उठले. ओरडले नाहीत. "गाडीत बस," ते म्हणाले. "जयंतीलाही घे. शाळा राहू दे आज." ओलं कव्हर त्यांनी डिकीत कोंबलं.

रामगंज बाजारात डागाळलेली गाडी थांबली तशी माणसं जमली. लतीफ मियाँ मशीन सोडून बाहेर आले. गाडीकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"हे काय कापड घातलंस?" डॉक्टरांनी हिंदीत विचारलं. "माझं चांगलं कापड ठेवून घेतलंस आणि कच्च्या रंगाची चिंधी जोडलीस. असंच करत असशील सगळ्यांबरोबर."

"तौबा साहब. हे कापड तुमच्या घरचं. बीबीजींनी स्वतः दिलं." लतीफ मियाँ गाडीच्या खिडकीशी आले. त्यांच्या आवाजात अजिबात राग नव्हता. मालनला सगळं आठवतच असणार अशी त्यांची खात्री होती. "बीबीजी, मी रंगाचं विचारलं होतं ना? तुम्ही पक्का म्हणालात. सांगा साहेबांना."

डॉक्टर मालनकडे वळले. बाजारातली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. मागच्या सीटवर जयंती पुढे सरकून बसली होती, तिचा श्वास मालनच्या मानेला लागत होता. हो म्हटलं की संपलं असतं. आणि मग घरी परत जायचं होतं, याच माणसाबरोबर, आज, उद्या, म्हातारपणापर्यंत.

"मी चारच लुगडी दिली होती," मालन मराठीत, नवऱ्याला म्हणाली. "हे माझ्या आईचं नाही."

लतीफ मियाँना मराठी येत नव्हतं. पण तिने नाही म्हणून मान हलवली ती त्यांनी पाहिली. ते बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"अच्छा," ते म्हणाले. "फिर मुझसे ही भूल हुई होगी."

डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात मारली. म्हाताऱ्याची टोपी पडली. ती कोणी उचलली नाही. डॉक्टरांनी डिकीतून कव्हर काढलं आणि दुकानापुढच्या नालीत टाकलं. काळ्या पाण्यात ते फुगलं, उलटलं, आणि डाळिंबी तुकडा वर आला. आजूबाजूचं पाणी लालसर होऊ लागलं. मालनने काच वर केली.

कॉलेजच्या पुढच्या समारंभाचा शामियाना दुसऱ्याकडे गेला. त्याच्या पुढचाही. हळूहळू इतरांनीही लतीफ मियाँकडे जाणं सोडलं. गाडी काळ्या रंगाची करून आणली, आणि नवं कव्हर डॉक्टर दिल्लीहून स्वतः निवडून घेऊन आले. त्या वेळी त्यांनी मालनला विचारलं नाही.

बाजारातून परत आले त्या दुपारी मात्र एक गोष्ट घडली. डॉक्टर आंघोळीला गेले होते. जयंती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, ते आजीचंच होतं," ती म्हणाली. "मी पाहिलं होतं, तू दिलंस त्यांना. मतलब, तू झूठ बोललीस. त्यांना मार बसला."

मालनने तिच्याकडे पाहिलं. जयंतीची हनुवटी थेट मालनच्या आईसारखी होती, पुढे आलेली, हट्टी. न्हाणीघरात पाण्याचा आवाज थांबला होता.

मालनने तिच्या दंडाला चिमटा घेतला आणि कातडी पिळली. आयुष्यात तिने लेकीला कधी बोट लावलं नव्हतं. "हे पुन्हा बोललीस," ती हळू आवाजात म्हणाली, "तर तुला यांच्यापाशी टाकून मी निघून जाईन. मग राहा यांच्याबरोबर एकटी."

जयंती रडली नाही. तिने दंड सोडवून घेतला नाही, आईने सोडेपर्यंत उभी राहिली. बाहेरून डॉक्टरांनी टॉवेल मागितला. तो द्यायला जयंतीच गेली.