फाट्यावर न थांबलेली जीप

“पोरी, पाय दगडावानी धरू नको! कोकरू जन्मतं तवा कसं घेतीस? हात अल्लाद मागं सरकतेत का न्हाई? बराबर तसाच पाय मागं घे!”

हिरासिंग सरांचा हा आवाज अजून माझ्या चामड्यात मुरलेला आहे. मित्रांनो, मी डोंगरकड्याच्या शाळेतला जुना फुटबॉल. मला कुणी शिवलं, ठाऊक नाही. माझा जन्म मी त्या लाल मातीच्या मैदानापासूनच धरतो.

संघातल्या शिवहारच्या नडगीवर आपटून मी थेट बाभळीत जायचो.

“सर, चेंडूच वांड हाय!”

“चेंडू न्हाई बाबा, तुझा पाय वांड हाय!”

पण मेंढरं राखणाऱ्या संपतरावांची लेक मोहिनी पाय मागे घ्यायची आणि मी तिच्यापाशी निजायचो. कितीही जोरात आलो तरी निजायचो. सर मला खोबरेल चोळता चोळता म्हणायचे, “ही जिल्ह्याकडून खेळणार.”

१९९६ साली नांदेडला निवड होती. “फाट्यावर उभी राहा, जीप थांबवतो,” सर तिला म्हणाले.

ती उभी होती. लाल रिबिनी, धुतलेले बूट. मी जीपमध्ये, चेंडूंच्या जाळीतून पाहत होतो. सर ड्रायव्हरला हळूच म्हणाले, “थांबू नको. चल.” मोहिनी धुरळ्यात धावली, धावली आणि दिसेनाशी झाली.

संध्याकाळी सर मला घेऊन तिच्या दारी आले.

“काहून थांबला न्हाई, सर?”

सरांनी मला उंबऱ्यावर ठेवलं आणि ते निघून गेले. मोहिनीने मला लोकरीच्या पोत्यांमागे भिरकावलं. तिथे माझी हवा गेली, टाके उसवले. ज्या हातांनी तेल लावलं, त्यांनीच दगा दिला, हे मला उंदरांच्या दातांपेक्षा जास्त लागलं. मित्रांनो, कुणाला ‘ये’ म्हणालात तर थांबा. थांबता येत नसेल, तर निदान कारण तरी सांगा.

बारा वर्षं गेली. मोहिनी माहेरी आली, तेव्हा तिच्या राजनंदिनीने मला ओढून काढलं.

“आई, हा कुणाचा?”

“एका मास्तरचा. त्यानं शिकवलं, अन् त्यानंच वाटेत सोडलं.”

दोर वळणाऱ्या संपतरावांचे हात थांबले.

“सरांना बोल लावू नको, माय. म्याच त्यांचे पाय धरले होते, जीप थांबवू नका म्हणून. त्यांना शपथ घातली होती. तू येकदा गेली असतीस, तर मेंढरामागं परत आली नसतीस.”